सहा वर्षं मशीनवर काढली, त्याचं कॉलेजात काही मिळतं का?

(या आठवड्याच्या एपिसोडचा हा लिखित मजकूर. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं, किंवा ज्यांचं नेट लोकलमध्ये नेमकं दगा देतं, त्यांच्यासाठी. बोलताना तेच तेच आलेलं तेवढं काढलंय, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)



मागच्या महिन्यात चाकणहून एक व्हॉइस नोट आली. अडीचेक मिनिटांची. मागे मशीनचा आवाज येत होता, बहुतेक शिफ्ट सुटता सुटता केलेली असणार. ज्याने पाठवली त्याला विचारूनच सांगतेय, नाव मात्र सांगत नाही.

तो म्हणाला, "ताई, मी बारावी पास. कॉलेजला ॲडमिशन घेतली होती, पण घरची अडचण आली आणि पहिल्याच वर्षी सोडलं. सहा वर्षं झाली, सीएनसी मशीनवर आहे. आधी ऑपरेटर होतो, आता सेटर. दोन वर्षांपूर्वी एक पोरगा आला, डिग्रीवाला. त्याला मायक्रोमीटर धरायला मीच शिकवलं. परवा सुपरवायझरची जागा निघाली. फॉर्म ऑनलाइन. पदवीची माहिती भरल्याशिवाय पुढचं पानच उघडेना. तो पोरगा आता माझा साहेब झाला. त्याच्यावर राग नाही, चांगला आहे तो. पण ताई, ही माझी सहा वर्षं कुठंच धरत नाहीत का?"

ही नोट मी तीनदा ऐकली. कारण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. हॉटेलच्या किचनमध्ये असलेली, मोबाईल रिपेअरिंग करणारी, दवाखान्यात मदतनीस म्हणून राबणारी, घरचं दुकान सांभाळणारी आपली कितीतरी श्रोते मंडळी आहेत. कामावर शिकलेलं कॉलेजात धरलं जातं का? आज त्यावरच बोलू.

थोडक्यात उत्तर: हो, धरलं जाऊ शकतं. पण वर्षं धरत नाहीत, शिकलेलं धरतात. यातला फरक एकदा कळला की अर्धं काम झालं.

आधी क्रेडिट म्हणजे काय, ते बघू

'क्रेडिट' हा शब्द आता प्रत्येक कॉलेजात ऐकू येतो. इतके क्रेडिट पूर्ण केले, इतके राहिले. पण हे माप आलं कुठून? गोष्ट गमतीची आहे.

१९०५ साली अमेरिकेत अँड्र्यू कार्नेगी या पोलादसम्राटाने कॉलेजच्या प्राध्यापकांना पेन्शन मिळावी म्हणून १ कोटी डॉलर दिले. आता पेन्शन द्यायची तर आधी ठरवायला हवं की 'कॉलेज' कशाला म्हणायचं. त्यासाठी प्रवेशाचा नियम हवा, आणि नियमासाठी माप हवं. म्हणून शाळेतला एक विषय वर्षभरात साधारण १२० तास शिकला की एक 'युनिट', असं ठरलं. ज्या कॉलेजांना पेन्शन योजनेत यायचं होतं त्यांनी ते माप स्वीकारलं. पुढे कॉलेजातलं शिक्षणही अशाच तासांच्या हिशोबात मोजलं जाऊ लागलं.

म्हणजे बघा, वर्गात किती वेळ बसलात हे मोजणं सोपं होतं, म्हणून ते मोजलं गेलं. किती शिकलात हे मोजणं अवघड, ते मागे पडलं.

आपल्याकडे आजचा हिशोब असा आहे. एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्रेडिट आराखडा आला. त्यानुसार ३० तासांचं शिक्षण म्हणजे १ क्रेडिट. वर्षाला १२०० तास, म्हणजे ४० क्रेडिट. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट, चार वर्षांच्या पदवीला १६०. या तासांत नुसती लेक्चर्स नाहीत. प्रात्यक्षिक, प्रोजेक्ट, स्वतःचा अभ्यास, सगळं येतं.

आता आपल्या चाकणच्या मित्राचा हिशोब करून बघू. रोज ८ तास, वर्षाचे ३०० दिवस, ६ वर्षं. झाले १४,४०० तास. भागिले ३०. उत्तर ४८० क्रेडिट. एका पदवीला लागतात १२०. म्हणजे गडी चार पदव्यांचा मालक!

अर्थात असं होत नाही. का होत नाही, हे कळायला परत थोडं मागे जाऊ.

युद्धावरून परत आलेली मुलं

दुसरं महायुद्ध संपत आलं तेव्हा अमेरिकेपुढे एक प्रश्न उभा राहिला. लाखो तरुण सैन्यातून परत येणार होते. १९४४ साली त्यांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलायचा कायदा झाला. पण या मुलांनी सैन्यात रेडिओ दुरुस्त केले होते, नकाशे वाचले होते, इंजिनं उघडून जोडली होती. त्यांना कॉलेजात परत पहिलीपासून 'अ आ इ ई' गिरवायला लावायचं का?

मग तिथल्या शिक्षणसंस्थांच्या परिषदेने सैन्यातले प्रशिक्षणाचे कोर्स तपासायला घेतले. कुठल्या कोर्समध्ये कॉलेजच्या तोडीचं काय शिकवलंय, त्याला किती क्रेडिट द्यावेत, याची शिफारस ही परिषद करायची. द्यायचे की नाही ते ज्या त्या कॉलेजने ठरवायचं. ही पद्धत आजही चालू आहे.

१९६७ मध्ये तिथे 'क्लेप' नावाच्या परीक्षा सुरू झाल्या. विषय कुठेही शिका, परीक्षा पास झालात की क्लेप मानणारी कॉलेजं क्रेडिट देतात. १९७४ मध्ये 'केल' नावाचा प्रकल्प सुरू झाला. अनुभवातून आलेलं शिक्षण तपासायचं कसं, त्याचे नीट नियम त्यांनी बसवले. त्यातला पहिला नियम असा की क्रेडिट शिकलेल्या गोष्टीला द्यायचं, नुसत्या अनुभवाला नाही.

फ्रान्सने तर २००२ च्या कायद्याने याला नागरिकाचा हक्कच करून टाकलं. कामाच्या अनुभवाची फाईल लिहायची, तज्ज्ञांच्या मंडळासमोर बसायचं, त्यांचं समाधान झालं तर अख्खा डिप्लोमा किंवा पदवीसुद्धा मिळू शकते. अर्धं पटलं तर अर्ध्याची मान्यता, उरलेलं शिकून या.

वर्षं वेगळी, शिकलेलं वेगळं

'अनुभवाला नाही, शिकलेल्याला' हे ऐकायला जरा शब्दांचा खेळ वाटतो. म्हणून मी त्या मित्रालाच फोन केला. म्हटलं, "तुला काय येतं ते एका पानावर लिहून पाठव."

त्याने लिहिलं: 'सहा वर्षं सीएनसी टर्निंगचा अनुभव. तिन्ही शिफ्टमध्ये काम. सेटिंग येतं. रिजेक्शन कमी.'

बस. चार ओळी. नोकरीच्या अर्जाला ठीक आहे. पण कॉलेजचा तपासणारा माणूस याचं काय करणार? सहा वर्षांत माणूस खूप शिकू शकतो, किंवा पहिल्या वर्षाचंच काम सहा वेळा करू शकतो. कागदावर दोघं सारखेच दिसतात.

मग मी विचारलं, "रिजेक्शन कमी, ते कसं काय? एखादा दिवस सांग."

आता तो बोलायला लागला. "ताई, सकाळी मशीन थंड असतं. फर्स्ट पीस बरोबर येतो, पण मशीन तापलं की माप हलतं. म्हणून मी पहिला अर्धा तास दर पाच जॉबला माप घेतो. मग दुपारकडे बाहेरचा व्यास हळूहळू वाढायला लागतो, कारण इन्सर्टची धार झिजते. धार मागे गेली की मटेरियल कमी कापलं जातं, जॉब जाड राहतो. मग ऑफसेट द्यायचा. पण लगेच नाही द्यायचा. एकाच जॉबचं माप बघून ऑफसेट दिला तर पुढचा उलट्या बाजूला जातो. चार-पाच जॉब बघायचे, माप एकाच दिशेला सरकतंय का ते बघायचं, मगच द्यायचा."

मंडळी, मी थक्क झाले. कारण तो जे सांगत होता त्यात तीन विषय होते. उष्णतेने धातू प्रसरण पावतो आणि हत्यार झिजतं, हे उत्पादन प्रक्रियेत येतं. माप कधी, कशाने आणि किती वेळा घ्यायचं, ही मेट्रॉलॉजी. आणि एकाच मापावर न जाता चार-पाच मापांचा कल बघायचा, हे सांख्यिकी गुणवत्ता नियंत्रण. इंजिनीअरिंगच्या पोरांना हेच कंट्रोल चार्ट काढून शिकवतात.

म्हटलं, "कंट्रोल चार्ट माहितीय?" तो म्हणाला, "भिंतीवर लावलेला असतो. भरतो आम्ही. त्या वरच्या-खालच्या रेषा कशा काढतात ते नाही माहीत."

इथे बघा, दोन्ही बाजू आल्या. त्याला जे येतं ते खरंच येतं, कारणासकट येतं. आणि जे येत नाही तेही स्पष्ट आहे: रेषांमागचं गणित. प्रामाणिक तपासणारा त्याला मशीनिंगचे आणि मापनाचे क्रेडिट देईल, आणि सांगेल की गणिताचा पेपर मात्र बाबा तुला द्यावा लागेल. यात अपमान काहीच नाही.

तपासतात कसं?

जगभर साधारण चार वाटा आहेत.

पहिली, परीक्षा. कोर्स न करता थेट पेपर द्यायचा.

दुसरी, प्रात्यक्षिक. करून दाखवा, आणि करताना विचारलं तर का करताय ते सांगा.

तिसरी, आधी झालेल्या प्रशिक्षणाची मान्यता. कंपनीने किंवा सैन्याने दिलेलं प्रशिक्षण कॉलेजच्या कुठल्या विषयाशी जुळतं ते बघायचं.

चौथी, पोर्टफोलिओ, म्हणजे पुराव्यांची फाईल. ही सगळ्यात मेहनतीची. यात कॉलेजच्या विषयाचा अभ्यासक्रम पुढे घ्यायचा आणि एकेका मुद्द्यासमोर लिहायचं: हे मी कुठे शिकलो, काय घडलं, त्यातून काय कळलं, आणि ते दुसऱ्या ठिकाणी कसं वापरलं. सोबत पुरावे. प्रशिक्षणाची सर्टिफिकेट्स, साहेबाचं पत्र, स्वतः बनवलेल्या चेकलिस्टचा फोटो, केलेल्या कामाचे फोटो.

फोटोवरून आठवलं. कंपनीची ड्रॉइंग, गिऱ्हाईकाची नावं, पेशंटचे कागद असलं काही परवानगीशिवाय जोडू नका. पोर्टफोलिओच्या नादात नोकरी जायची.

आपल्याकडे काय सोय आहे?

आता महाराष्ट्रात, भारतात बसून काय करता येतं ते बघू. तीन गोष्टी वेगवेगळ्या ठेवा, कारण लोक इथेच गोंधळतात.

एक, आरपीएल. म्हणजे आधीच्या शिक्षणाची मान्यता. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना २०१५ मध्ये सुरू झाली, त्यात ही सोय आहे. काम येतं पण कागद नाही, अशा माणसाचं थोडं मार्गदर्शन होतं, मग मूल्यांकन होतं, आणि पास झाला की त्या कामाचं सर्टिफिकेट मिळतं. सर्टिफिकेटवर एक लेव्हल असते, ती नीट बघा. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात बारावी म्हणजे लेव्हल ४, पदवीचं पहिलं वर्ष ४.५, तिसरं वर्ष ५.५. तुमचं सर्टिफिकेट लेव्हल ३ चं असेल तर ते पदवीच्या विषयाच्या तोडीचं धरलं जाणं अवघड. आणि कितीही चांगलं असलं तरी हे सर्टिफिकेट म्हणजे पदवी नाही. फॉर्ममधला पदवीचा रकाना त्याने भरत नाही.

दोन, राष्ट्रीय क्रेडिट आराखडा. यात शाळा, कॉलेज आणि कौशल्य शिक्षण एकाच मापात आणलंय. अनुभवालाही वजन आहे. एखादी पात्रता मिळाल्यावर त्याच कामात एक ते चार वर्षांचा अनुभव असेल तर क्रेडिट १.३३ पट, चार ते सात वर्षं असतील तर १.६७ पट, सातच्या पुढे २ पट. समजा १२ क्रेडिटचा कोर्स आहे आणि नंतरचा अनुभव सहा वर्षांचा, तर १२ गुणिले १.६७ म्हणजे साधारण २०. पण मेख अशी की मूल्यांकन झाल्याशिवाय क्रेडिट नाही. नुसतं अनुभवाचं पत्र दाखवून गुणाकार होत नाही.

तीन, ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स. २०२१ च्या युजीसी नियमांनी सुरू झालेली ही क्रेडिटची बँक. डिजिलॉकरमधून १२ अंकी आयडी मिळतो, त्याला आता 'अपार' म्हणतात. बँक असली तरी इथे तुम्ही स्वतः जाऊन पैसे भरता तसे क्रेडिट भरू शकत नाही. नोंदणी केलेली संस्थाच तुमच्या खात्यात क्रेडिट टाकते. आणि हे क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं टिकतात. आयडी काढला म्हणजे अनुभव जमा झाला, असं कुणी सांगत असेल तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा.

आता खरी गोष्ट. आराखडा केंद्राचा असला तरी तुमच्या कोर्सला तो कसा लागू होणार हे तुमचं विद्यापीठ स्वतःच्या नियमांनी ठरवतं. म्हणून कॉलेजच्या किंवा अभ्यासकेंद्राच्या खिडकीवर जाऊन मोघम विचारू नका की "अनुभवाचं काही मिळतं का?" 'नाही' असंच उत्तर येईल. तीन नेमके प्रश्न विचारा, आणि जमलं तर ईमेलवर विचारा, म्हणजे उत्तर लेखी राहतं:

या अभ्यासक्रमात आधीच्या शिक्षणाच्या मान्यतेची सोय आहे का, आणि ती कुठल्या परिपत्रकात आहे?
असेल तर कुठल्या विषयांना आणि जास्तीत जास्त किती क्रेडिटपर्यंत?
मूल्यांकन कोण करणार, फी किती, आणि मिळालेले क्रेडिट माझ्या बँक खात्यात जमा होणार का?

आणि सोय नसेल तर? तरी दार बंद नाही. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून कामावरच्या, घर सांभाळणाऱ्या माणसांना डोळ्यांसमोर ठेवून चाललंय. नोकरी न सोडता पदवी करता येते. ज्यांची दहावी-बारावीच राहिली असेल त्यांनी आधी ती पूर्ण करा. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं, मुक्त विद्यालयाची वाटही आहे. बारावीशिवाय पदवीचा पाया भक्कम होत नाही, उगाच घाई करू नका.

इथे सावध राहा

"तुमच्या अनुभवावर पदवी! परीक्षा नाही, हजेरी नाही, तीस दिवसांत घरपोच!" अशी जाहिरात तुमच्या फोनवर आली असेल. नसेल तर हा एपिसोड ऐकल्यावर येईल, फोनला कान असतात.

हे ओळखायची खूण सोपी आहे. जिथे तुमचं शिकलेलं कुणी तपासतच नाही, फक्त अनुभवाची वर्षं विचारतात आणि फी सांगतात, तिथे पदवी विकत देताहेत. खऱ्या ठिकाणी उलट होतं. तुम्हाला लिहायला लावतात, प्रश्न विचारतात, आणि काही विषयांना 'नाही' म्हणतात. 'नाही' म्हणणारी जागा मिळाली तर तिच्यावर थोडा जास्त भरवसा ठेवा.

कायदाही लक्षात ठेवा. १९५६ च्या युजीसी कायद्यानुसार पदवी देण्याचा अधिकार फक्त केंद्र किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थांना आहे. बोगस विद्यापीठांची यादी युजीसीच्या वेबसाइटवर असते. पैसे भरायच्या आधी पाच मिनिटं तिथे घालवा. अशा कागदावर नोकरी मिळवली आणि पुढे पडताळणीत सापडलात तर पैसे जातील ते जातील, नोकरीही जाईल.

आज रात्री एक पान

शेवटी गृहपाठ. एक वही घ्या किंवा फोनमधली नोट उघडा. कामावरचा एकच प्रसंग निवडा, जिथे काहीतरी बिघडलं होतं आणि तुम्ही सावरलं. मग चार प्रश्नांची उत्तरं लिहा. काय बिघडलं? मी काय केलं? तेच का केलं, दुसरं का नाही? आणि पुढच्या वेळी हे कुठे उपयोगी पडलं?

तिसऱ्या प्रश्नाला सगळ्यात जास्त वेळ द्या. 'काय केलं' हे सगळे लिहितात. क्रेडिट 'का' मध्ये असतं. किचनमध्ये काम करणाऱ्याने 'दोनशे माणसांचं जेवण केलं' एवढंच लिहू नये. शिजवलेलं अन्न तासन् तास कोमट का ठेवत नाही, भात आधी लावला की भाजी, आणि का, ते लिहावं. दुकान सांभाळणारीने 'हिशोब ठेवला' न लिहिता उधारी किती झाली की माल भरायला पैसे कमी पडतात, ते तिला कसं कळतं, हे लिहावं.

असे महिन्याला चार प्रसंग लिहिले तर वर्षाला जवळपास पन्नास होतात. कुठलंही कॉलेज उद्या सोय करो न करो, तुमची फाईल तयार असेल. मुलाखतीला तर लगेच उपयोग आहे.

आता त्या मित्राचं काय झालं ते सांगते. त्याने अकरा पानं लिहिली. ज्या अभ्यासकेंद्रात गेला तिथे त्या कोर्सला अशी सोय नाही म्हणाले. दुसऱ्या ठिकाणी ईमेल केलाय, उत्तर यायचंय. तोवर तो थांबलेला नाही. पहिल्या वर्षाचा फॉर्म भरलाय, आणि कंट्रोल चार्टच्या त्या रेषा कशा काढतात ते शिकतोय. कुणाकडून? त्या डिग्रीवाल्या पोराकडून. रात्रपाळीच्या चहाला दोघं बसतात म्हणे, एक रेषा काढून दाखवतो, दुसरा सांगतो की आज माप वर का सरकलं.

त्याची शेवटची व्हॉइस नोट छोटी होती. "ताई, पदवीला अजून तीन वर्षं आहेत. पण लिहायला बसलो तेव्हा कळलं, मला वाटत होतं त्यापेक्षा जरा जास्त येतं. आणि गणित खरंच येत नाही."

तुमचं पहिलं पान लिहून झालं की त्यातला एक प्रसंग व्हॉइस नोट करून पाठवा. दोन मिनिटांच्या आत, आणि जमलं तर मशीन बंद असताना! निवडक प्रसंग पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवू, तुमची परवानगी घेऊनच. आणि हा मजकूर अशा एका तरी माणसाला पाठवा ज्याने कॉलेज सोडलंय पण शिकणं सोडलेलं नाही.

भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या!